पाचांतलं एक मत

"आमच्या पाचांतलं एक मत गेलं, एवढं खरं," भाऊसाहेब टीव्हीवर म्हणाले. "कुणाचं गेलं ते मला ठाऊक आहे. पण बाईमाणसाचं नाव मी असं चारचौघांत घेणार नाही."

माझ्या हातात भाकरीचा तुकडा तसाच राहिला. पाच आमदारांच्या आमच्या पक्षात बाईमाणूस एकच होतं, ते म्हणजे मी. नाव न घेता नाव घ्यायची ही कला भाऊसाहेब निंबोरेंनी चाळीस वर्षं राजकारणात घासूनपुसून लखलखीत ठेवली होती.

माझी थोरली जाऊ तव्यावरची भाकरी उलटायची थांबली. "कुणाचं म्हणतोय ह्यो?"

"माझं."

"तुमी दिलं न्हाई व्हय मत?"

"दिलं. जिथं द्यायला सांगितलं होतं, तिथंच दिलं."

"मग दावा की त्येला काडून!"

तेच तर करता येत नव्हतं. राष्ट्रपती निवडायला तुम्ही-आम्ही रांगेत उभे राहत नाही. राज्याराज्यातले आमदार आणि दिल्लीतले खासदार हेच मतदार. आमच्या राज्यातल्या एका आमदाराचं मत एकशे पंचाहत्तर मोलाचं धरतात. पण आमदार कुठे शिक्का मारतो, म्हणजे कुणापुढे एक आकडा लिहितो, हे त्याला आणि देवालाच माहीत. चिठ्ठी पक्षाच्या माणसालाही दाखवायची नाही. पक्षाचा आदेशही तिथे चालत नाही. म्हणजे बेइमानी करणाऱ्याला ती पचवायची पुरेपूर सोय, आणि इमानदाराला ते सिद्ध करायला काडीची जागा नाही.

आमच्या पक्षाने पाठिंबा जाहीर केला होता एका निवृत्त न्यायमूर्तींना. पाचही जणांनी हात उंचावून फोटो काढले होते. मतदान झालं, चिठ्ठ्या दिल्लीला गेल्या, आणि निकालाच्या दिवशी राज्यवार आकडे आले तेव्हा आमच्या आघाडीची डझनभर मतं पलीकडच्या उमेदवाराला गेलेली निघाली. चॅनेलवर विद्वान मंडळी बसली. 'राज्याने कौल फिरवला' म्हणाली. 'आमदारांनी अंतरात्म्याचा आवाज ऐकला' म्हणाली. अंतरात्मा! हा आत्मा एरवी पाच वर्षं कुठे झोपलेला असतो, आणि नेमका मतदानाच्या आदल्या आठवड्यातच कुणाच्या हाकेने जागा होतो, हे एकानेही विचारलं नाही.

आघाडीतल्या मोठ्या पक्षाने मग लहान पक्षांना धारेवर धरलं. तुमचे किती फुटले, नावं द्या. भाऊसाहेबांनी एक नाव दिलं. सगळ्यांत स्वस्त पडणारं.

मी कोण, तर मालन गोरड. कोरेवाडीच्या उपकेंद्रात एकोणीस वर्षं नर्स होते. तालुक्यात आजही मला आमदारीणबाई कुणी म्हणत नाही, सिस्टरच म्हणतात. माझ्यामागे कारखाना नाही, दूध संघ नाही, सोसायटी नाही. भाऊसाहेबांना एक बाई उमेदवार दाखवायची होती आणि ती पडेल अशी त्यांची खात्री होती. मी सातशे मतांनी निवडून आले, हे त्यांना मनातून कधीच रुचलं नाही. ती जागा त्यांना पुढच्या वेळी आपल्या एखाद्या पाहुण्यासाठी हवी होती.

माझ्याविरुद्ध पुरावा काय, तर एक फोटो. मतदानाच्या दिवशी विधानभवनाच्या व्हरांड्यात मला आरोग्यमंत्री भेटले. ते पलीकडच्या बाजूचे. आमच्या ग्रामीण रुग्णालयाची अँब्युलन्स चाकं काढून विटांवर ठेवलेली होती, ते मी त्यांना सांगितलं. ते हसले, "करू, करू" म्हणाले. कुणीतरी फोटो काढला. दुसऱ्या दिवशी पेपरात तो फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'ही जवळीक कशासाठी?'

अँब्युलन्ससाठी, मेल्यांनो! बाळंतीण बैलगाडीत घालून आणावी लागते म्हणून!

आमचे हे, गोरड मास्तर, त्या दिवशी शाळेतून लाल होऊन आले. सायकल त्यांनी भिंतीला टेकवली नाही, आपटली.

"फळ्यावर लिहून ठेवलं होतं पोरांनी," ते म्हणाले. "फुटीर. एवढ्या मोठ्या अक्षरांत. इतकी वर्षं शिकवलं पण कुणाचं शुद्धलेखन सुधारलं नाही, आणि हा एक शब्द बिनचूक."

"तुम्ही काय केलंत?"

"पुसला. दुसरं काय करणार? पण मी कुठवर पुसत बसू, मालन? आपलं नाव स्वच्छ झालं पाहिजे. काहीही करून झालं पाहिजे."

मला बरं वाटलं. सगळं गाव कुजबुजत असताना आपल्या बाजूने कुणीतरी एवढं चिडलंय, याचा माणसाला आधार वाटतो.

संध्याकाळी भाऊसाहेबांचाच फोन आला. आवाजात मध.

"मालनताई, राग मानू नका. वरून फार दाब आहे. मला कुणाचं तरी नाव घ्यावं लागतं."

"मग खऱ्याचं घ्या की."

"तेच मिटवून टाकू म्हणतो. रविवारी आमच्या टेंभूरवाडीच्या खंडोबाला या. पत्रकारांना बोलावलंय. आपण पाचही जण बेलभंडारा उचलू. उचललात की विषय संपला."

"भाऊसाहेब, मी असल्या शपथा घेत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे ना. म्हणून तर आधी फोन केला. तुम्हाला नको असेल तर नका येऊ. आम्ही समजून घेऊ."

काय समजून घेणार होते, ते न समजण्याइतकी मी भाबडी नव्हते.

बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा, म्हणजे हळद, तळहातावर घ्यायची आणि खंडोबासमोर बोलायचं. खोटं बोललं तर घराचा नायनाट होतो, असं आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. निवडणुकीत हाच धंदा चालतो. पाकीट द्यायचं आणि बेलभंडारा उचलून घ्यायचा, की मतदार बांधला गेला. मी प्रचारात वाडीवाडीला जाऊन सांगत होते, "बायांनो, खुशाल मोडा ती शपथ. खंडोबा मतदानयंत्रात डोकावत नाही." त्यावरच निवडून आले होते. मी आता बेलभंडारा उचलला तर माझंच बोलणं खोटं पडणार, आणि नाही उचलला तर फुटल्याची कबुली. इकडे आड, तिकडे विहीर.

"उचल," मास्तर म्हणाले.

"आपण खरे आहोत ना? मग शपथ कशाला?"

"अगं, आपण खरे आहोत हे तुला-मला माहीत. गावाला हळदच लागते."

"आणि त्या बाया? ज्यांना मी शपथा मोडायला लावल्या, त्या काय म्हणतील?"

"त्यांना नंतर सांग. आधी नाव वाचव. नाव गेलं तर सांगायला तोंड तरी राहील का?"

दोन दिवस मी जेवले नाही नीट. मला राग भाऊसाहेबांचा होताच, पण त्याहून जास्त त्या हळदीचा होता. सरळ वागलेल्या बाईला आपला सरळपणा दाखवायला कुणाच्या तरी पायरीवर जाऊन उभं राहावं लागतं, आणि ती पायरीही आरोप करणाऱ्याच्याच गावची! पण शेवटी गेले. नाव माझं होतं, दुसरं कोण जाणार?

रविवारी टेंभूरवाडीत जत्रेएवढी गर्दी होती. देवळाच्या पायऱ्या हळदीने पिवळ्याजर्द. कॅमेरेवाले पायात चप्पल घालून वर आले म्हणून गुरव त्यांच्यावर ओरडत होता. भाऊसाहेब पांढरंशुभ्र धोतर नेसून, कपाळभर भंडारा लावून उभे. शेजारी त्यांचा पुतण्या रणजित. भाऊसाहेबांना मूलबाळ नव्हतं, धाकट्या भावाचा हा मुलगा त्यांनी लहानपणीच आपल्याकडे आणला होता आणि गेल्या निवडणुकीत आमदार केला होता. त्याच्या बायकोला सातवा महिना होता, ती खाली गाडीत बसली होती. बाकीचे दोघे म्हणजे म्हातारे नाना बाबर आणि पैलवान हणमंत सरगर. असे आम्ही पाच.

"मंडळी," भाऊसाहेबांनी सुरुवात केली, "माझ्या पक्षात कुणी कागदावर सह्या करून इमान दाखवत नाही. आमचं कोर्ट हे इथं आहे. आता आमच्या मालनताईंचा देवाधर्मावर फारसा विश्वास नाही, त्या शिकलेल्या आहेत. त्यांनी नाही उचलला बेलभंडारा तरी मी त्यांना काही म्हणणार नाही. तुम्ही काय समजायचं ते समजा."

लोकांत कुजबूज झाली. कुणीतरी मागून म्हणालं, "सिस्टर कशाला उचलत्यात?"

मी पदर खोचला आणि पुढे झाले. गुरवाच्या ताटातलं बेलाचं पान घेतलं, वर चिमूटभर नाही, चांगला मूठभर भंडारा घेतला. बोटांच्या फटींतून हळद साडीवर सांडली.

"माझा असल्या शपथांवर विश्वास नाही," मी म्हणाले. "पण तुमचा आहे, म्हणून तुमच्यासाठी उचलते. पक्षानं ज्यांना सांगितलं, त्या न्यायमूर्तींनाच मी मत दिलं. पलीकडच्याला दिलं असेल, कुणाकडून फुटका पैसा घेतला असेल, तर माझ्या घराचं वाटोळं होऊ दे."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. देवळात वाजवत नाहीत. पण पुढच्या दोन-तीन म्हाताऱ्यांनी मान हलवली, आणि मास्तरांनी रुमालाने डोळे पुसले. भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, फक्त जरा आखडलेलं. मी नाही म्हणेन हे त्यांनी गृहीत धरलं होतं. पुढचा विचार केलाच नव्हता.

"छान, छान," ते म्हणाले. "ताईंनी शंका दूर केली. आता आरती..."

"असं कसं?" मी म्हणाले. "पाचांनी उचलायचं ठरलंय. नाना, या."

नाना बाबर चार वेळा निवडून आलेला माणूस. कोर्टात खोटी शपथपत्रं त्यांनी हसत हसत दिली होती, आपली जमीन किती यावर तर दर निवडणुकीला वेगळी शपथ. ते दोन पावलं पुढे आले, ताटातल्या पिवळ्या ढिगाकडे त्यांनी पाहिलं आणि जागच्या जागी थांबले.

"मला चालत न्हाई आज," ते म्हणाले. "सुतक हाय."

"कुणाचं, नाना?"

"चुलत्याचं."

"तुमचं वय पंचाहत्तर," गर्दीतून कुणी ओरडलं, "चुलता हुता व्हय अजून?"

हशा पिकला. नाना मागे सरकले आणि खांबाला टेकून खाली बघत राहिले.

हणमंतला मी हाक मारली. सहा फुटी माणूस, कुस्तीत हिंदकेसरीलाही भ्याला नसता. त्याने पँटचा पट्टा चाचपला. "चामड्याचा हाय," तो म्हणाला. पट्टा काढायला कुणीतरी सुचवलं, तर म्हणाला, "काल रात्री मटान बी झालंय. इटाळ नगं देवाला."

आता कुणी हसत नव्हतं. सगळ्यांना उमगायला लागलं होतं, आणि मलाही. मला वाटलं होतं एक दुसराच कुणी फुटला असेल आणि नाव माझं पुढे केलं असेल. तो एक कोण, हे शोधायला मी डोळे फाडून प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते. आणि माझ्यासमोर एकामागून एक सगळेच मागे सरत होते! मतदाराला भीत नाहीत, कोर्टाला भीत नाहीत, आणि चिमूटभर हळदीपुढे पैलवानाला कालचं मटण आठवतं. भाऊसाहेबांची चूक एवढीच झाली की आपली माणसं देवापुढेही मोकळेपणाने खोटं बोलतील असं त्यांनी धरलं. माणसं तेवढी सुधारलेली नव्हती.

"रणजित?" मी म्हणाले.

तो काकांच्या मागे झाला. "काका आधी. काका मोठे आहेत."

सगळ्या नजरा भाऊसाहेबांकडे गेल्या. त्यांनी एकदा कॅमेऱ्यांकडे पाहिलं, धोतराचा सोगा सावरला आणि शांतपणे पान उचललं. भंडारा घेतला. हात जराही हलला नाही. हा माणूस का पुढारी झाला, ते मला तेव्हा कळलं.

"हे खंडेराया," ते खड्या आवाजात म्हणाले, "मी जर पक्षाशी बेइमानी केली असेल, मत विकलं असेल, तर माझा निर्वंश..."

"काका, नको!"

रणजितने त्यांचा हात धरला होता. धरला कसला, पिरगाळलाच. भंडारा दोघांच्या अंगावर उडाला.

"वंश म्हणजे मीच की हो!" तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "ती खाली गाडीत बसलीय, काका. तिच्या पोटात... नका बोलू. तुम्ही काहीही बोला, पण हे नका बोलू."

भाऊसाहेबांनी हात सोडवून घेतला, पुतण्याकडे असं पाहिलं की तो तिथेच मेला असता तर त्यांना बरं वाटलं असतं, आणि गुरवाला म्हणाले, "काय बघतोस? आरतीची वेळ झाली." ढोल वाजायला लागले. त्या दणदणाटात सगळं बुडालं.

पायऱ्या उतरताना नाना बाबर माझ्याजवळ आले. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"तुमाला बी इचारायचं ठरलं हुतं, ताई," ते पुटपुटले. "भाऊसायब म्हणालं, नगं. ती नर्सबाई हाय, सुई टोचायच्या आदी बी सांगून टोचती. आन एक मानूस कोरा ऱ्हाऊ द्या, नाव घ्यायला लागंल."

म्हणजे मी खरी होते म्हणून मला वगळलं नव्हतं फक्त, खरी होते म्हणून आरोपासाठी राखून ठेवलं होतं. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

पुढचं सांगून टाकते. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'पाच आमदार खंडोबाचरणी लीन'. फोटोत आरती चालली होती. आठवड्याभरात मला पक्षातून काढलं, पक्षशिस्तभंगासाठी. वर्षभरात ते चौघे पलीकडच्या बाजूला उघड गेले, रणजित राज्यमंत्री झाला. त्याला मुलगी झाली, सुखरूप. मी पुढच्या निवडणुकीत अपक्ष उभी राहिले आणि पडले. या सगळ्यावर मी भाषणं केली आहेत, भांडले आहे, अजूनही भांडते. पण त्या रविवारी परतताना जे झालं ते कुठल्याच भाषणात सांगितलं नाही.

मास्तर जीप चालवत होते. मी शेजारी. हातांची हळद धुतली तरी गेली नव्हती. मला हलकं वाटत होतं. टेंभूरवाडीतल्या शे-पाचशे लोकांनी डोळ्यांनी बघितलं होतं. पेपरवाले काहीही छापोत, माझं नाव त्या पायऱ्यांवर तरी स्वच्छ झालं होतं. आणि मास्तर रडले होते.

त्यांनी जीप मोठ्या रस्त्याला लावली. मग म्हणाले, "म्हणजे चौघांनाही मिळालं."

"मिळालं असणारच की. हळदीला हात लावेनात."

"रणजितची ती नवी गाडी. आत्ता कळलं."

"हो ना!"

पुढे ऊस भरलेला ट्रॅक्टर होता, त्याच्या मागून ते हळूहळू चालवत होते. मी त्यांना नानांचं बोलणं सांगितलं, सुई सांगून टोचते ते. सांगताना मला हसू आलं. एवढ्या घाणीत तेवढीच एक शाबासकी मिळाली होती, चोरांच्या तोंडून का होईना.

मास्तर हसले नाहीत.

"म्हणजे तुला विचारलंच नाही," ते म्हणाले.

"नाही ना."

"आणि विचारलं असतं तरी तू नाहीच म्हणाली असतीस."

"म्हणजे काय!"

त्यांनी ट्रॅक्टरला हॉर्न दिला. ट्रॅक्टर बाजूला झाला नाही. रस्त्याकडे बघतच, फळ्यावर उत्तर चुकलेल्या पोराविषयी बोलावं तशा हळहळीने ते म्हणाले, "निदान मला तरी विचारायचं होतं त्यांनी."

मला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. चेहरा नेहमीचाच होता, दमलेला, साधा. फळा पुसणाऱ्या, सायकल आपटणाऱ्या, रुमालाने डोळे पुसणाऱ्या माणसाचा.

"गाडी थांबवा," मी म्हणाले.

"का? काय झालं?"

"थांबवा म्हणते ना!"

मी उतरले आणि उसाच्या कडेने चालायला लागले. कोरेवाडी अजून बरीच लांब होती. ते जीप हळूहळू माझ्या बाजूने चालवत खिडकीतून बोलत राहिले, "अगं, मी नुसतं म्हटलं. नुसतं म्हणायला काय जातंय? बस ना आत, लोक बघतायत." मी मान वळवली नाही. भाऊसाहेबांचाही मला एवढा राग आला नव्हता.